बोटभर फट

आधीच सांगतो, माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे. शाळा अर्ध्यात सुटली आणि बऱ्याचशा वेलांट्या तिथेच राहिल्या. मोठे शब्दही मला येत नाहीत. आले असते तरी या गोष्टीत ते कुठे बसवले असते कोण जाणे. तेव्हा चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. ही गोष्ट आमच्या ओळखीतल्या एका काचवाल्याची आहे. त्यानं सांगितली तशी मांडतो, पदरचं काही घालत नाही.

१

त्या गॅरेजात जुन्या गाड्या दुरुस्तीला येत. नुसत्या जुन्या नव्हेत, आजोबांच्या वयाच्या. इंजिन मिस्त्री बघायचा, रंगाचं काम रंगाऱ्याकडे, आणि काचा बघायचा हळोबा. हे नाव रंगाऱ्यानं ठेवलेलं. काच उचलताना हा आपला ‘हळू, हळू’ असं पुटपुटायचा, पलीकडून धरायला कुणी नसलं तरीही. काचेलाच सांगायचा म्हणा ना. एरवी त्याच्या तोंडून शब्द निघायचा तो चहाला ‘हो’ म्हणण्यापुरता.

काळी गाडी घेऊन बाई आल्या त्या दिवशी तो पत्र्याच्या शेडमध्ये आपलं टेबल पुसत होता. गाडी गोल दिव्यांची, दारांखाली लांब पायरी असलेली. बाई स्वतः चालवत आल्या होत्या. वय झालेलं, पण पाठ ताठ. उतरल्या त्या सरळ मागच्या डाव्या दारापाशी गेल्या.

“काच बदलायची आहे,” त्या म्हणाल्या. “एवढी एकच. बाकी कशाला हात लावू नका.”

हळोबानं पाहिलं. दोन काचा चिकटवून केलेल्या जुन्या थरांच्या काचा म्हाताऱ्या झाल्या की डोळ्यांत मोतीबिंदू यावा तशा कडेपासून पांढऱ्या पडत जातात. ही तर मधोमधपर्यंत दुधाळ झाली होती. आतली सीटसुद्धा दिसत नव्हती. खालच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला होता आणि वरपर्यंत पोचत आला होता.

“बाकीच्या पण बदलून टाका ना,” मिस्त्री म्हणाला. “त्या काही फार तरुण नाहीत.”

“नको. ह्यांची एवढीच.”

मग बाईंनी हळोबाला जवळ बोलावलं. काच पूर्ण वर नव्हती. चौकट आणि काच यांच्यामध्ये थोडी फट होती. बाईंनी उजव्या हाताची तर्जनी आडवी करून त्या फटीत ठेवली. बरोबर बसली.

“ही एवढी. बोटभर. नवी काच बसवलीस तरी एवढी फट ठेवायची. पूर्ण वर कधीही चढवायची नाही. बघायला म्हणूनसुद्धा नाही. ह्यांना कोंडल्यासारखं होतं.”

“हो, बाई.”

“शब्द दे.”

“दिला.”

त्याचं लक्ष त्यांच्या बोटाकडे गेलं होतं. शेवटचं पेर एका अंगाला वाकलेलं होतं आणि नख चपटं, हातोडीनं ठोकलेल्या पत्र्यासारखं. विचारायला हवं असं काही नव्हतं. गॅरेजात निम्म्या लोकांची बोटं अशीच होती.

“आणि अशीच धुरकट मिळत नाही का रे?” बाईंनी विचारलं.

रंगारी लांबून हसला. “धुरकट हवी असेल तर नवी कशाला बसवता बाई? हीच ठेवा की.”

बाई हसल्या नाहीत. “तडा वर पोचला. एक दिवस सगळीच खाली येईल. मग सताड उघडं पडेल. तेही ह्यांना चालत नाही.”

२

जुन्या गाडीच्या दारातून काच काढणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा कोट उतरवण्यासारखं काम. ओढून चालत नाही. आधी काच खालीवर करायच्या हँडलची बारीक पिन दाबून काढायची, मग हँडल, मग आतलं कातडी अस्तर, आणि मग पोटातलं गंजकं यंत्र दिसतं. हळोबानं ‘हळू, हळू’ करत काच वर घेतली. तडा आरपार गेला होता, पण मधल्या चिकट थरानं दोन्ही तुकडे एकमेकांना धरून ठेवले होते. टेबलावर पुठ्ठा पसरून त्यानं काच त्यावर निजवली आणि पेन्सिलीनं कडेकडेनं नमुना काढून घेतला.

मग तो दाराच्या चौकटीकडे वळला. काच पूर्ण वर गेली की तिची कड ज्या खाचेत बसते तिथे आतून केसाळ कापडाची पट्टी असते. बाकी गाड्यांत ती घासून टक्कल पडलेली असते. इथे ती कोरी होती, कालच लावल्यासारखी. म्हणजे बाई खरंच बोलत होत्या. या चौकटीला काच कित्येक वर्षं टेकलीच नव्हती.

मधल्या एका जागी मात्र पट्टी गुळगुळीत झाली होती. हळोबानं काही विचार न करता तिथे हात टेकवला. चार बोटं त्या जागेत अलगद बसली. गाडीत बसून कुणी आतून बाहेर घालावी तशी.

बाई हात घालत असतील, त्याला वाटलं. पण त्या बाहेरून घालतात. आणि कापडाचे केस तर आतून बाहेर वळलेले होते.

चहाच्या वेळी त्यानं मिस्त्रीला विचारलं, “बाईंचे मिस्टर गाडी बघायला येणार आहेत का?”

“कुठले मिस्टर? ते जाऊन जमाना झाला.”

“त्या म्हणाल्या ना, ह्यांना कोंडल्यासारखं होतं.”

“व्हायचं म्हणाल्या असतील.”

“नाही. होतं म्हणाल्या.”

रंगाऱ्यानं बशीतला चहा फुंकला. “अरे हळोबा, बाईमाणसाचा नवरा मरतो, ‘हे’ मरत नाहीत. माझी मावशी अजून म्हणते, ह्यांना विचारून सांगते. काका जाऊन माझी मुंज... जाऊ दे, आमच्यात कुणाचंच काही वेळेवर झालं नाही. पण मावशी विचारते आणि उत्तरही आणते. काका होते तेव्हा कधी नाही म्हणाले नाहीत, आताही म्हणत नाहीत.”

सगळे हसले. हळोबाही हसला. रंगाऱ्याचं म्हणणं त्याला पटलं. सवयीचा शब्द असतो तो. तोंडाला बसलेला. पट्टीचं म्हणाल तर कापडाला वाळवी लागते, उंदीर कुरतडतात, काय वाट्टेल ते होतं.

तरी दुपारभर तो काम करताना त्या डाव्या सीटवर काही ठेवायचा नाही. पक्कड, पान्हा, फडकं, सगळं उजव्या बाजूला. त्याच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यानं मुद्दाम फडकं उचलून डाव्या सीटवर टाकलं. थोड्या वेळानं तेही उचललं. घडी करून खिशात ठेवलं.

३

नवी काच त्यानं स्वतः कापली. आतापर्यंत नमुना तो काढायचा आणि कापायला मोठ्या दुकानात द्यायचा. या वेळी मिस्त्री म्हणाला, “सपाट काच आहे, वळण फक्त कडेला. तुला जमेल.” आणि जमलं. हिऱ्याच्या कलमाची रेघ एका दमात ओढली गेली, कड घासून बोट फिरवलं तर रेशमासारखी. ती चौकटीच्या खाचेत उतरवून, खालच्या पट्टीत रबर घालून, यंत्राला जोडून तो बाजूला उभा राहिला तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणीतरी आहोत.

दार लावून घेतलं. काच फिरवत बोटभर फटीपर्यंत आणली. थांबला.

आता इथेच काम संपलं होतं. पण काच बसवणाऱ्याचं काम तिथे संपत नाही हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. काच पूर्ण वर जाऊन खाचेत बसते तेव्हा एक आवाज येतो, दबका, गादीवर उशी पडावी तसा. तो ऐकल्याशिवाय हात सुटत नाही. वळण बरोबर कापलं की नाही हे तेव्हाच कळतं. त्याआधी कळतं ते नुसतं मनाचं समाधान.

बाकीचे चहाला गेले होते. पत्र्यावर ऊन तडकत होतं. हवेचा पंप मधेच धडधडून गप्प झाला.

कुणाला कळणार आहे, हळोबाच्या मनात आलं. एकदा वर, लगेच खाली.

तो उजव्या दारानं आत शिरला. डाव्या सीटवर बसला नाही. उजव्या सीटवर गुडघा टेकवून, आडवा वाकून त्यानं हात लांब केला आणि हँडल धरलं. असं वाकताना त्यानं पोट आत ओढून घेतलं होतं, कोपर उचलून धरलं होतं. बसमध्ये शेजारच्या माणसावरून वाकून खिडकी लावताना धरतो तसं. हे त्याला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं.

त्यानं हँडल फिरवलं. काच वर जाऊ लागली. नेहमीचं ‘हळू, हळू’ त्या वेळी तोंडात आलं नाही.

फट संपता संपता काच थांबली.

खाचेत बसल्यावर हँडल थांबतं ते कडक थांबतं. हे तसं नव्हतं. हे मऊ होतं. मधोमध काहीतरी होतं, आणि ते दबत होतं. कड चौकटीपासून नखाएवढी दूर होती. त्या नखाएवढ्या जागेत काही दिसत नव्हतं.

पट्टी दुमडली असेल. आता इथे शहाणा माणूस काच खाली घेतो, पट्टी बघतो, पुन्हा चढवतो. हळोबा आयुष्यभर तेच करत आला होता. पण बाहेर चपलांचे आवाज येत होते, लोक परत येत होते, आणि त्याला तो आवाज ऐकायचा होता. त्यानं हँडलवर जोर दिला.

काच बसली. उशी पडल्यासारखा आवाज आला, आणि त्याच्या आत आणखी एक. ‘स्स्’ असा. दारात बोट सापडलं की माणूस श्वास आत ओढतो तसा. ओरडण्याआधीचा. ओरडणं मात्र आलं नाही.

त्याच्या कानाजवळून आला तो आवाज.

हळोबानं भराभर हँडल उलटं फिरवलं. फट उघडली. तो बाहेर पडला, गाडीला वळसा घालून आला, पट्टी पाहिली. दुमडलेली नव्हती. मधल्या गुळगुळीत जागेवर एक आडवा खळगा पडला होता आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून येत होता.

दाराच्या पोटातली हवा असेल. दाबली गेली की सुटते. तो स्वतःला हे दोनदा सांगू शकला. तिसऱ्यांदा सांगायला गेला तर त्याच्या हाताला ते मऊपण आठवलं.

“झाली का रे?” मिस्त्रीनं विचारलं.

“झाली,” हळोबा म्हणाला.

४

ऊन शटरमधून तिरपं आत आलं होतं तेव्हा बाई आल्या. काच कशी आहे हे त्यांनी बघितलंही नाही. दारापाशी गेल्या, गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, बसची वाट बघत उभं राहतात तशा, आणि हात मागे नेऊन ते वाकडं बोट फटीत घातलं. न बघता. रोजचं असल्यासारखं.

आणि थांबल्या.

रंगाऱ्यानं मिस्त्रीकडे बघून भुवई उडवली. हळोबा हातातल्या फडक्यानं स्वच्छ हात पुसत राहिला. बाईंचा चेहरा आधी निवांत होता. मग त्यांनी मान किंचित वळवली, काही ऐकू येत नसलं की वळवतो तशी. बोट थोडं आत सरकवलं. पुन्हा थांबल्या.

“पूर्ण वर केली होतीस का?”

विचार करायच्या आधीच उत्तर तोंडातून गेलं. “नाही, बाई.”

“नक्की?”

“तुम्ही सांगितलं तेवढीच.”

“त्याच्यावर शंका घेऊ नका बाई,” मिस्त्री म्हणाला. “आमचा हळोबा खोटं बोलणाऱ्यातला नाही. त्याला बोलताच येत नाही, खोटं कुठून बोलणार?”

रंगारी खो खो हसला. हळोबाच्या कानशिलांना चटका बसला. आता सांगावं, त्याला वाटलं. आता सांगितलं तर अजून काही बिघडलेलं नाही. पण मिस्त्रीनं त्याच्या पाठीवर थाप मारली होती, आणि पाठीवर हात असताना माणसाला खरं बोलणं किती जड जातं ते ज्याचं त्यालाच माहीत.

बाई त्याच्याजवळ आल्या. इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, “रोज बोट धरतात. आज धरत नाहीत.”

“रागावले असतील.”

हे आपण काय बोललो, त्याचं त्यालाच कळेना. बाईंना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही.

“रागावले असते तर बरं झालं असतं. घाबरलेत.” त्यांनी गाडीकडे पाहिलं. काच आता लख्ख होती, त्यातून डावी सीट स्पष्ट दिसत होती. कातडं बसून बसून खाली गेलेलं. बाईंनी लगेच नजर काढून घेतली, कुणी कपडे बदलताना दिसावं तशी. “घाबरले की आतून बंद करून घ्यायला बघतात. लहान मुलासारखं. आणि मग त्यांनाच कोंडतं. असं असताना रस्त्यावर नको काढायला. आज राहू दे गाडी इथेच. मी सकाळी येते.”

“बाई...”

“काय?”

“काही नाही.”

“फट राहू दे म्हणजे झालं,” बाई म्हणाल्या. “तू चांगला मुलगा आहेस.”

हे शेवटचं त्यांनी म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

५

घरी आई भाजी निवडत होती आणि ताई शिवणयंत्रावर बसली होती. हळोबा आला, हात धुतले, भिंतीला टेकून बसला. आईनं एकदा वर पाहिलं.

“काय फोडून आलास?”

घरात हा प्रश्न ठरलेला होता. काचेच्या कामाला लागल्यापासून तो गप्प दिसला की आई हेच विचारायची.

“फुटलं नाही काही.”

“मग?”

त्यानं आईपुढची भाजीची एक काडी उचलली. मग म्हणाला, “चेपलं.”

ताईनं यंत्राचं चाक हातानं धरून थांबवलं. “काच चेपते होय? नवीनच ऐकतेय. उद्या लोखंड फुटलं म्हणून सांगशील.”

“तू गप गं,” आई म्हणाली. “कुणाला लागलं का रे?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? विचारलं नाहीस?”

“नाही.”

“अरे, आपल्या हातून कुणाला लागलं तर आधी विचारावं ना, लागलं का म्हणून. लागलेलं असो नसो. एवढंही सुचलं नाही?”

ताई उठून खिडकी लावायला गेली. वारा सुटला होता आणि कापडाचे तुकडे उडत होते.

“पूर्ण लावू नको,” हळोबा म्हणाला.

“का?”

“थोडी उघडी ठेव.”

“किती थोडी?”

त्यानं बोट आडवं करून दाखवलं. दाखवता दाखवता त्याला बाईंचं बोट दिसलं. चपटं नख. वाकलेलं पेर. हातोडीचा घाव असता तर नख काळं पडून गळून गेलं असतं, नवं आलं असतं. हे तसं नव्हतं. हे कशाततरी फार वेळ धरून ठेवलेलं बोट होतं.

“असा काय बघतोयस हाताकडे?” ताई म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. खिडकी तिनं त्यानं सांगितली तेवढीच उघडी ठेवली.

तो जेवायला बसला. सबंध वेळ त्याच्या मनात एकच होतं. नवी काच बसवल्यावर पहिला हात लागतो तो माणसाचा नसतो, तेलाचा असतो. त्यानं यंत्राला भरपूर तेल घातलं होतं. आधी ते हँडल जड होतं, गंजलेलं. आता ते एका बोटानं फिरत होतं. म्हाताऱ्या, अशक्त बोटानंसुद्धा.

६

सकाळी तो सगळ्यांच्या आधी गेला. किल्ली त्याच्याकडेच असायची. शटर वर केलं तेव्हा आत काल संध्याकाळचीच हवा होती, रंगाच्या आणि रबराच्या वासाची. गाडी मधोमध उभी होती.

फट होती. आधी त्याला हायसं वाटलं. मग त्यानं नीट पाहिलं. फट बोटभर नव्हती. कमी होती.

तो जवळ गेला. शेडमध्ये पूर्ण शांतता होती, म्हणून तो आवाज ऐकू आला. दाराच्या पोटातून. तेल घातलेल्या दातेरी चाकाचा, एक दात, थोडं थांबून आणखी एक. पुढच्या काचेतून त्याला आतलं हँडल दिसत होतं. ते फिरत होतं. अगदी सावकाश. थांबत होतं, दम खात होतं, पुन्हा फिरत होतं.

एरवी गंजानं जे अडवून धरलं असतं ते आज त्याच्या तेलानं सोपं केलं होतं.

काचेच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा एक छोटा ठिपका उमटला. विरला. पुन्हा उमटला. भरभर. धावून आलेल्या माणसाचा श्वास चालतो तसा, पण वरवरचा, अर्धा.

हळोबाला पळायचं होतं. पाय तयारही झाले होते. पण फट करंगळीएवढी उरली होती, आणि बंद झाली की काय होतं ते त्याला एकट्यालाच माहीत होतं. त्यानं उजव्या हाताचं बोट फटीत घातलं.

काच आली आणि बोटाला लागली. थांबली नाही. मग नखावर चढली. मग हाडावर. तेव्हा थांबली.

त्यानं कळ दातांत धरली. ‘स्स्’ असा आवाज त्याच्या तोंडून निघाला, आणि तो ऐकून त्याला कालचा आवाज ओळखू आला. तोच होता. अगदी तसाच.

तेव्हा त्यानं एकदाच आत पाहिलं. वाफेच्या ठिपक्याशेजारून, त्यानं स्वतः कापलेल्या लख्ख काचेतून. एक मान होती. मागून दिसणारी, म्हाताऱ्या माणसाची, वाळलेली, मधे खळगा असलेली. तोंड पलीकडे फिरवलेलं. मारायला आलेल्याकडे बघायचं नाही म्हणून पोर तोंड फिरवतं तसं. एवढंच. पुन्हा त्यानं आत पाहिलं नाही. बोटाकडे बघत राहिला.

“लागलं का तुम्हाला?” तो काचेला तोंड लावून म्हणाला. “काल. माझ्या हातून.”

वाफेचा ठिपका उमटायचा थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मागे पावलं वाजली. बाई होत्या. त्यांनी त्याला पाहिलं, फटीतलं बोट पाहिलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवली. घाई केली नाही.

“काल किती वर केली होतीस?”

“पूर्ण.”

“मधे लागलं काही?”

“मऊ लागलं. तरी मी दाबली.”

बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “मग खोटं का बोललास?”

“भीती वाटली.”

“म्हणजे तुम्ही दोघंही घाबरलात,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला आणखीच कसंतरी झालं.

“बाई, बोट काढू?”

“काढायचं तर काढ. ओढलंस तर निघेल. कातडी सोलेल थोडी.” त्या दाराजवळ आल्या. “पण मग ते बंद करून घेतील. आणि आतून उघडायला त्यांना जमत नाही. बंद करायला जमतं, उघडायला नाही.”

त्यानं बोट काढलं नाही.

बाईंनी टेबलाजवळचा स्टूल ओढून आणला आणि त्याला बसायला दिला. स्वतः गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, हात मागे नेला, आणि आपलं वाकडं बोट त्याच्या बोटाशेजारी फटीत सरकवलं. ते त्या जागेत सहज गेलं. त्याच मापाचं झालं होतं ते.

“कधी सोडतात, बाई?”

“माझ्या वेळी संध्याकाळ झाली होती.”

बाहेर रंगाऱ्याची शीळ ऐकू आली. तो येऊन विचारेल, मिस्त्री येईल, हसतील, सगळ्यांदेखत सांगावं लागेल. हळोबानं ठरवलं, सांगायचं. मऊ लागलं तेही सांगायचं.

काचेनं आणखी एक दात घेतला. कळ खांद्यापर्यंत गेली. हळोबा पुढे वाकला, कपाळ थंड काचेला टेकवलं, आणि पुटपुटला, “हळू... हळू.”

या वेळी तो काचेला सांगत नव्हता.